पाणपहारा : एका दीर्घकथेच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

काम असं आहे. दिवाळी अंकासाठी पंधरा हजार शब्दांची दीर्घकथा लिहायची आहे. साल २०७१, जागा लातूर, औसा, निलंगा. पाण्याच्या गाडीवर आणि हौदांवर सशस्त्र पहारा देणारं सरकारी दल आहे. त्यात भरती होण्यासाठी पोरापोरींना जीवघेण्या चाचण्या द्याव्या लागतात. लोक या भरतीला ‘चाळण’ म्हणतात. मराठीत असं काही लिहायला बसलेल्या दुसऱ्या कुणाचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी ठेवतेय.

कथेचं मूळ २०१६ मध्ये आहे. त्या वर्षी मांजरा धरण आटलं. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून कलम १४४ लावलं गेलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाणी घेऊन आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी (वॅगन) होत्या, पाणी साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. माझी सगळी व्यवस्था एका प्रश्नावर उभी आहे: ती जमावबंदी उठलीच नसती तर? कथेत गाडी आणि बंदी दोन्ही पंचावन्न वर्षं चालू आहेत. अणुयुद्ध नाही, महासाथ नाही. जग कसं बुडालं हे सांगण्यात एकही पान घालवायचं नाही, हे आजच ठरवून टाकलं.

२६ जानेवारी

पहिला खर्डा बाद. नऊ हजार शब्द गेले.

त्यात निखाऱ्यांवरून चालणं होतं, विंचवांची खोली होती, दोघांपुढे एकच भाकरी ठेवून लावलेली कुस्ती होती. भराभर लिहून झालं, कारण त्यातलं काहीच मला शोधावं लागलं नव्हतं. बिघाड कुठे झाला ते लिहून ठेवते. पहिली चाचणी भयंकर केली की दुसरी त्याहून भयंकर करावी लागते आणि तिसरीपर्यंत वाचक बधिर होतो. शिवाय नायिका मुक्ता मरणार नाही हे त्याला पहिल्या पानापासून कळलेलं असतं. पण मोठी गोम वेगळीच होती. एकाही चाचणीला नियम नव्हता. जागा किती, उमेदवार किती, गुण कसे देतात, परत पाठवलेल्याचं पुढे काय होतं, यातलं काहीही मी ठरवलेलं नव्हतं. नियम नसलेल्या जगात क्रूरपणा लेखकाच्या लहरीवर चालतो, आणि वाचकाला ते लगेच कळतं.

खर्ड्यातून फक्त मुक्ताचं घर ठेवलं: माय, थकलेला बाप आणि चाळणीतून परत आलेला थोरला भाऊ दशरथ.

३ फेब्रुवारी

प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाबद्दल वाचत होते. सातव्या वर्षी मुलगा घरातून उचलायचा, वर्षाला अंगावर एकच वस्त्र, झोपायला युरोटास नदीकाठचे बोरू, तेही हाताने तोडून आणलेले. हे सगळं प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे. यातलं काहीच घ्यायचं नाही असं ठरवत होते, कारण परक्या शिस्तीची नक्कल लातूरच्या मातीत उपरी वाटेल. पण एका गोष्टीपाशी अडले. आर्टेमिस ऑर्थिया या देवीच्या वेदीपाशी पोरांना चाबकाने फोडायचा विधी होता. रोमन काळापर्यंत तो पाहायला बाहेरगावचे लोक येऊ लागले, आणि शेवटी त्या वेदीभोवती प्रेक्षकांसाठी दगडी बैठका बांधल्या गेल्या. युद्धात स्पार्टाला कुणी विचारत नव्हतं, तरी चाबूक चालू होता.

त्यातल्या फक्त बैठका कथेत उचलल्या. माझ्या कथेत मैदानाला गॅलरी आहे आणि तिथं उमेदवारांच्या आईबापांनी बसणं सक्तीचं आहे. हजेरी लागते.

१५ फेब्रुवारी

पहाटे पाचला भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या मैदानावर गेले. हे आधीच करायला हवं होतं. महिनाभराचं वाचन एका बाजूला आणि ही पहाट एका बाजूला.

पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० गुणांचं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आलं की २० पैकी २०, म्हणजे ‘आउट ऑफ’. पायाला चिप बांधून वेळ मोजतात. सगळं बोलणं याच भाषेत चालतं: टायमिंग बसलं का, गोळा किती गेला, कट-ऑफ किती लागेल, लेखीला किती धरायचे. शौर्य, देश, बलिदान यातला एकही शब्द कुणी काढला नाही. एका पोराने दोन सेकंदांसाठी रात्रीचं जेवण सोडलं होतं. त्याच्या प्रशिक्षकाने त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि मग स्वतःच्या डब्यातली उकडलेली अंडी दिली.

एका मुलीची उंची किमान मर्यादेच्या, म्हणजे १५५ सेंटिमीटरच्या, काठावर होती. तिला माहीत होतं की माणूस सकाळी थोडा उंच भरतो आणि दिवसभराच्या कामानंतर मणक्यातल्या चकत्या दबून थोडा कमी. ‘ताई, मापाला लवकर नंबर लागला पाहिजे बघा,’ एवढंच ती म्हणाली. घरी येऊन सगळ्यात आधी हे वाक्य लिहून ठेवलं. माझ्या कथेतली पहिली चाचणी त्यातून निघाली. नाव ‘मोजणी’. उमेदवाराने दिवसभर डोक्यावरून पाण्याच्या घागरी वाहायच्या आणि उंची सूर्य मावळल्यावर मोजायची. विंचवांच्या खोलीपेक्षा हे जास्त घाबरवतं, कारण असा नियम कुणीतरी टेबलाशी बसून सहज काढू शकतो.

खर्च: एसटी आणि चहा मिळून १८० रुपये.

१ मार्च

नियम बसवले. जागा चाळीस, उमेदवार अकरा हजार. तीन चाचण्या: मोजणी, वाट, पहारा.

‘वाट’ म्हणजे मे महिन्यात औसा ते लातूर, साधारण २० किलोमीटर, दुपारी, आपलं पाणी आपण वाहून. पोचायला जास्तीत जास्त पाच तास. पण गुण वेळेवर नाहीत. पोचल्यावर उमेदवाराकडे जितकं पाणी शिल्लक असेल ते मोजायचं आणि दर अर्ध्या लिटरला एक गुण. हा नियम सुचल्यावर कथेला कणा आला. उन्हात चालणारं शरीर तासाला लिटरभर घाम सहज टाकतं. म्हणजे पाच तासांना पाच लिटर लागणार, लिटरचं वजन किलोभर, आणि प्यायलेला प्रत्येक घोट गुणांतून जाणार. पोरं तहानेने पडतात तेव्हा त्यांच्या पाठीवर पाणी असतं.

पाणी कुणाचं, यासाठी मराठा घोडदळातली जुनी विभागणी घेतली. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. माझ्या कथेत घरचं पाणी आणणारा शिलेदार आणि सरकारी हौदातून पाणी उचलणारा बारगीर. बारगिराचं पाणी उधार. निवड झाली तर पगारातून वळतं होतं, नाही झाली तर घरावर चढतं. दशरथच्या दोन वर्षांच्या पाण्याचं कर्ज मुक्ताच्या घरावर आहे. तिने भरतीला का उतरावं याचं उत्तर मी जानेवारीपासून शोधत होते. ते या हिशेबात आपोआप मिळालं.

१८ मार्च

‘वाट’ लिहिताना काम अडलं आणि दोन आठवडे अडूनच राहिलं.

आधी एक दुरुस्ती. मुक्ता तिसऱ्या तासाला उष्माघाताच्या काठावर येते आणि त्याच वेळी आयुष्याबद्दल लांबलचक, नेटका विचार करते, असं मी लिहिलं होतं. एका ओळखीच्या डॉक्टरांनी ते पान वाचून बाजूला ठेवलं. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की आधी डोकं बिघडतं. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, दिशा चुकतो, आणि आपल्याला काही झालंय हे त्यालाच कळत नाही. मेहनतीतून आलेल्या उष्माघातात घाम चालूही असू शकतो, त्यामुळे ‘घाम आटला’ ही एकच खूण लिहिणंही चूक. उपाय एकच, अंग ताबडतोब गार करणं, आणि त्यालाही पाणीच लागतं. कथा मुक्ताच्याच तोंडून आहे, म्हणून त्या भागात वाक्यं मोडली, क्रियापदं गळू दिली, आकडे चुकू दिले. ती सोळावा किलोमीटरचा दगड ओलांडते आणि पुढच्या पानावर पुन्हा सोळावा मोजते. वाचकाला आधी कळतं, तिला नंतर.

पण खरी अडचण तंत्राची नव्हती. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीसाठी ५ किलोमीटर धावताना उमेदवार कोसळून मेले. त्यानंतर ते अंतर ३ किलोमीटरवर आणलं गेलं, आज ते १६०० मीटर आहे. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत १० किलोमीटरच्या धावेत दहाहून अधिक उमेदवार गेले. ही पोरं कुठल्या काल्पनिक राज्यातली नव्हती. शिपायाच्या नोकरीसाठी आली होती. मी २०७१ साल घेऊन जे ‘भविष्य’ रचत होते ते घडून गेलेलं होतं, आणि माझ्या खर्ड्यात सहा उमेदवार केवळ मुक्ताची वाट कठीण दिसावी म्हणून मरत होते.

ते सहाही काढले. आता ‘वाटे’वर एकच मृत्यू आहे. त्याचं नाव बालाजी, गाव निलंगा तालुक्यातलं, वय सत्तावीस. तो पडतो त्या जागेवर कथा थांबते. त्याच्या पिशव्या कोण उचलतो, शिल्लक पाणी कोण मोजतो, गॅलरीत त्याचा बाप हजेरीच्या वहीवर सही करून कसा उठतो, हे सगळं लिहिलं. अडीच पानं झाली. कथेचा वेग इथं पडतो हे मला दिसतं आहे. तो तसाच ठेवणार.

असं लिहिणाऱ्यांना माझं एवढं सांगणं आहे की चाचणीत माणूस मारायचा असेल तर त्याच्या घरापर्यंत जायची तयारी ठेवा. ती नसेल तर त्याला मारू नका.

६ एप्रिल

अमेरिकी नौदलाच्या सील दलाच्या प्रशिक्षणात एक घंटा असते. सोडून जायचं असेल त्याने ती तीनदा वाजवायची. साडेपाच दिवसांच्या सगळ्यात कठीण टप्प्यात सगळी मिळून जेमतेम चार तास झोप, आणि घंटा कायम समोर. दृश्य म्हणून पकड घेणारं आहे, म्हणून मीही मैदानात एक घंटा टांगली.

मग मैदानावरची पोरं आठवली आणि घंटा उतरवली. ती वाजवायला माणसाकडे परत जायला काहीतरी लागतं. आपल्याकडे पोरगं मैदान सोडत नाही, वय त्याला सोडायला लावतं. पोलीस भरतीत खुल्या गटाला २८ वर्षांची मर्यादा आहे आणि त्या आकड्याकडे जाणारी पाच-सहा वर्षं कितीतरी घरांत याच एका वाटेवर जातात. माझ्या चाळणीतही कुणाला ‘नापास’ म्हणत नाहीत. खिडकीतला कारकून नम्रपणे म्हणतो, ‘पुढच्या वर्षी या.’ बालाजीचं वय सत्तावीस का, हे मला या नोंदीच्या वेळी कळलं. त्याचं ते शेवटचं वर्ष आहे, म्हणून तो पाणी पीत नाही.

२० एप्रिल

भाषेचं काम. सरकार आणि उमेदवार वेगळं बोलले पाहिजेत, नाहीतर सगळी पात्रं माझ्यासारखीच बोलतात. उमेदवारांची लातूरकडची बोली मला ऐकून माहीत आहे. ती फक्त संवादात ठेवली, निवेदनात नाही. सरकारसाठी खरे शासन निर्णय काढून बसले आणि त्यांची वाक्यरचना हाताने उतरवून काढली. दोन संध्याकाळी गेल्या, पण कथेतला शासन निर्णय त्यानंतर एका बैठकीत झाला. त्यातला परिच्छेद:

‘उमेदवाराने सोबत आणलेले पाणी हे त्याचे वैयक्तिक पाणी समजण्यात येईल. वाटेत उमेदवार मयत झाल्यास उर्वरित पाणी शासनजमा करण्यात येऊन त्याची पोच वारसास देण्यात येईल. सदर पोच पुढील वर्षीच्या भरतीत वारसास गुणांसाठी ग्राह्य धरण्यात येईल.’

शेवटचं वाक्य लिहिल्यावर मी उठून बाहेर जाऊन आले. ते कथेत तसंच आहे.

११ मे

शेजारच्या निवृत्त हवालदार अण्णांनी ‘वाट’ आणि ‘पहारा’ दोन्ही वाचले. त्यांनी पानांवर पेन्सिलने खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर बोलले. यातलं बरंच मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

मुक्ताने पाणी पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये घेतलं होतं. अण्णा म्हणाले, अर्धा रिकामा कॅन पाठीवर हेलकावतो, चाल बिघडवतो, कंबर मोडतो. पाणी छोट्या पिशव्यांत वाटून घ्यायचं, एक पूर्ण संपवायची, मगच दुसरी उघडायची. पिठ्ठूचा, म्हणजे पाठीवरच्या पिशवीचा, पट्टा सैल ठेवला की वजन खांद्यावरून कमरेवर घासतं. नव्या बुटांनी कुणी वाट चालत नाही, फोड आला तर तो फोडत नाहीत. मी उस्तादाला, म्हणजे कवायत घेणाऱ्याला, पानभर ओरडायला लावलं होतं. ते त्यांनी सरळ खोडलं. रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, देताना उस्तादाला आवाज चढवावा लागत नाही, तो शांतपणे आकडे म्हणतो आणि चुकलं की एकपासून सुरू करतो. ओरडणारा उस्ताद नवा असतो.

‘पहाऱ्या’त तीन रात्री जागायचं आहे. दुसऱ्या रात्रीनंतर मुक्ताला भुतं दिसतात असं होतं. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे भुतं दिसत नाहीत, रोजच्याच वस्तू जागा बदलतात. झुडूप चार पावलं पुढे आलेलं असतं. उभ्या उभ्या क्षणभर झोप लागते आणि जाग आल्यावर मध्ये किती वेळ गेला ते कळत नाही. आता मुक्ताला नळ ठिबकल्यासारखा ऐकू येतो आणि ती तो पुन्हा पुन्हा तपासते. नळ बंदच असतो.

९ जून

शेवट जमत नव्हता. तिसऱ्या चाचणीत उमेदवाराला त्याच्याच गावच्या हौदावर उभं करतात. ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी वाटायचं, मग नळ बंद करायचा. मी आधी मायला रडायला, विनवायला लावलं. मग मुक्ताने गुपचूप घागर भरून दिली. मग तिने बंड केलं, हौद फोडला, गाव धावत आलं. या बंडाच्या शेवटावर सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण तो वाचून मला स्वतःला बरं वाटत होतं. पण औशाच्या त्या रस्त्यावर बालाजीला तशी सुटका मिळालेली नव्हती, आणि चाळणीतून गेलेली मुक्ता हौद फोडणारी मुलगी राहिलेली नाही. चाचणीचं काम तेच आहे. आता असं आहे:

‘माय रांगेत होती. एकेचाळीस नंबरचं टोकन तिनं पदराच्या गाठीत बांधलं होतं. चाळीसला पाणी खुणेला टेकलं. मी नळ बंद केला, वहीत वेळ लिहिली आणि मोठ्यानं म्हटलं, “एकेचाळीसपासून पुढचे उद्या.” गॅलरीतल्या साहेबानं मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं. मायनं रिकामी घागर काखेत घेतली आणि मागच्या बाईला म्हणाली, “चल गं, पोरगी कामावर हाय.”’

मायच्या आवाजात राग नाही, अभिमान आहे. हे लिहायला मला पाच महिने लागले.

२७ जुलै

संपादकांचा निरोप आला: चार हजार शब्द कमी करा. कापण्याआधी सगळी कथा मोठ्याने वाचली. जिथं श्वास अडला तिथं वाक्य मोडलं, जिथं मीच कंटाळले तिथं परिच्छेद काढला. रेल्वेचा इतिहास गेला, दलाच्या गणवेशाचं वर्णन गेलं, मुक्ता आणि दुसऱ्या एका उमेदवाराची प्रेमाची सुरुवात गेली. तिला कथेत पुढे जागाच नव्हती. बालाजीची अडीच पानं कमी करायचंही सुचवलं होतं. फोनवर बराच वेळ बोललो. ती पूर्ण राहिली, त्याबदल्यात मी पहिल्या चाचणीतलं दीड पान दिलं.

१४ ऑगस्ट

प्रुफं तपासून पाठवली. कथा अकरा हजार शब्दांवर थांबली. खर्च: छपाई आणि झेरॉक्स ६४० रुपये, मैदानापर्यंतचा प्रवास धरून बाकीचं नऊशेच्या आसपास. मानधन अंक आल्यावर. वेळ मोजायचा तर अर्ध्याहून जास्त वेळ बाद झालेल्या पानांत गेला, आणि त्यातला मोठा भाग मैदानावर जाण्याआधीचा आहे.

प्रुफात एक गोष्ट सापडली. मुक्ताच्या सरावाच्या पानावर तिच्या हातात ७.२६० किलोचा गोळा होता. तो ४ किलोचा केला. त्या मैदानावरच्या मुलींना अंक द्यायचं कबूल केलं आहे.